मासे बघायला सुरुवात करतोयस तर आधी हे वाच

अरे नदीतले मासे, छान आहे विषय, पण नुसती माशांच्या नावांची यादी करत बसू नकोस, अंडी कुठे घालतात ते शोध. महसीर घे, तिला गोटे-खडी असलेला तळ आणि वाहतं स्वच्छ पाणी लागतं, त्यामुळे पावसाळ्यात ती वर चढते, आणि मधे बंधारा आला की संपलं सगळं, वरची खडी कितीही चांगली असू दे. मरळीचं उलट, संथ पाण्यात गवतात घरटं करते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात, म्हणून पिल्लांच्या घोळक्याजवळची मरळ उचलली तर अख्खी वीण जाते, हे बघून खरंच जीव तुटतो.

पहिला पाऊस पडला की नाशिककडच्या दारणा, कादवा नद्यांना मिळणारे ओढे फिर, चढणीचे मासे तिथेच दिसतील. उन्हाळ्यात मात्र डोह बघ, पाणी आटल्यावर जगलेले मासे तिथेच असतात. वाळूउपसा झालेली जागा वहीत वेगळी लिही, खडी गेली की अंडी घालायला जागाच नाही उरत.

नांदूर मध्यमेश्वरला लोक पक्षी बघायला जातात (2020 मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ना), तू तिथल्या भोई काकांशी बोल, पूर्वी जाळ्यात काय यायचं ते विचार. आणि रोहू, कटला दिसले म्हणून नदी बरी आहे असं समजू नको, ते मूळचे उत्तरेकडचे, इथे त्यांचं मत्स्यबीज, म्हणजे पिल्लं, आणून सोडलेलं असतं. चिलापी (तिलापिया) तर परदेशातलीच. फोटो काढताना मासा ओल्या हातानेच धर, आणि विणीची जागा सापडली तर लोकेशन ग्रुपवर टाकू नको प्लीज.