रायझोबियमला शेपटी असते, तर ते बियाण्यालाच का चोळायचं?

नुसतं रानात विस्कटू नका, बियाण्यालाच चोळा. रायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जीवाणू. शेपटी असली तरी ते मुळापर्यंत पोहत येतील या भरवशावर राहता येत नाही. कशाभिका, म्हणजे ती चाबकासारखी शेपटी, बनवायला ऊर्जा फार लागते, म्हणून तिची जनुकं उतरंडीसारखी चालतात. लसूणघासाच्या रायझोबियममध्ये हे बारकाईनं तपासलंय: वर व्हिसएन-व्हिसआर ही प्रथिनांची जोडी, ती रेम नावाच्या प्रथिनाला जागं करते, आणि रेम पुढची जनुकं जागी करतं. जीवाणूंची वाढ मंदावली की रेम उतरतं आणि नवी शेपटी बनणं थांबतं. मुळावरच्या गाठीत तर जीवाणू बिनशेपटीचेच. सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमला, म्हणजे रायझोबियमच्या भाऊबंदाला, शेपट्या दोन तऱ्हेच्या, एक जाड, बाकी बारीक. बारकींचा कारभार लॅफआर नावाचं प्रथिन बघतं. आणि पोहायला पाण्याचा पापुद्रा हवा! निपाणीकडच्या काळ्या रानात पाऊस ओढ देतो, भेगा पडतात, तेव्हा तो कुठला? म्हणून जीवाणू गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. मात्र बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जीवाणू शेवटी.