पर्शियन पिल्लू हप्त्यावर, की शेल्टरमधली चार वर्षांची मांजर?

गोरेगावच्या एका ताईंनी विचारलंय: "दोघांचा मिळून हातात पगार १,१०,००० येतो. होम लोनचा हप्ता ४२,०००, मुलीची शाळा ९,०००, घरखर्च ३५,०००, एसआयपी १०,०००. एफडीत ८०,००० आहेत. लेक ९ वर्षांची आहे, तिला पर्शियन मांजर हवीय. एक ब्रीडर दोन महिन्यांचं पिल्लू ४०,००० ला देतोय, क्रेडिट कार्डवर १५ टक्क्यांनी वर्षभराचं लोन मिळतंय. दुसरीकडे एका शेल्टरमध्ये ४ वर्षांची पर्शियन मादी आहे, नसबंदी आणि लसी झाल्यात, ते फक्त ३,००० मागतात. पण सासूबाई म्हणतात दुसऱ्याने टाकलेली कशाला आणायची. काय करू?"

ताई, आधी उत्तर सांगतो मग कारणं. ब्रीडरकडचं पिल्लू नको, कार्डावरचं लोन तर अजिबातच नको. शेल्टरमधली मांजर आणा, पण किडनीच्या टेस्ट करून आणि दोन महिने थांबून.

तुम्ही ४०,००० आणि ३,००० ची तुलना करताय आणि सगळेच तशी करतात, पण मांजर ही एकदाच घ्यायची वस्तू नाही, तिचा महिना असतो. खाणं, लिटर म्हणजे तिच्या शी-शूची वाळू, जंतांचं औषध, वर्षाच्या लसी, अधूनमधून ग्रूमिंग, सगळं धरून मुंबईत एका पर्शियनला मी महिना ५,००० धरतो आणि हा खर्च दोन्ही मांजरींना सारखाच येणार, शेल्टरमधली आहे म्हणून ती कमी खात नाही. पर्शियन १२-१५ वर्षं सहज जगते. म्हणजे चार वर्षांची मांजर पुढची दहा वर्षं धरली तर ६ लाख, आणि पिल्लू चौदा वर्षं धरलं तर ८ लाख ४० हजार, तेही आजच्या भावाने, वाढती महागाई मी धरलेलीच नाही. दहा वर्षांनी लेक १९ ची असेल, चौदा वर्षांनी २३ ची, तेव्हा ती पुण्यात असेल की बंगलोरला कोणाला माहीत, आणि म्हाताऱ्या मांजरीला डॉक्टरकडे तुम्हीच नेणार. हे घाबरवायला नाही सांगत, घेताना डोळ्यांसमोर असावं म्हणून सांगतोय.

आता तुमचा हिशोब. १,१०,००० मधून ९६,००० जातात, उरतात १४,०००. त्यातून ५,००० मांजरीचे गेले तर ९,००० उरतात, म्हणजे महिना बसतो. तुमची अडचण महिन्याची नाहीये, एफडीची आहे. एसआयपी थांबवली तरी तुमचा महिन्याचा खर्च ८६,००० आहे आणि शिल्लक ८०,०००. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर काय, हा प्रश्न मांजरीच्या आधीचा आहे. किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा असं मी सगळ्यांनाच सांगतो, तुमचा एकही पूर्ण नाही. म्हणून त्या एफडीला मांजरीसाठी हात लावायचा नाही.

कार्डाचं लोन बघू. ४०,००० वर १५ टक्क्यांनी १२ महिन्यांचा हप्ता साधारण ३,६१० येतो, व्याज ३,३०० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ६०० आणि प्रोसेसिंग फी वेगळीच. एखादा हप्ता चुकला की वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरातलं व्याज मागे लागतं. वर पिल्लाच्या लसींचा कोर्स आणि सहा महिन्यांनी नसबंदी, हे चांगल्या क्लिनिकला १०,००० धरा. म्हणजे पिल्लू तुम्हाला ५४,००० ला पडतंय. शेल्टरची मांजर ३,००० अधिक टेस्टचे ६,०००, एकूण ९,०००. फरक ४५,००० चा. नुसत्या पैशाकडे बघितलं तरी हे पुरेसं आहे, पण माझ्यासाठी खरं कारण हे नाही.

खरं कारण म्हणजे माहिती. पर्शियनमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, पीकेडी म्हणतात त्याला. आईबापापैकी एकात जरी असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळायची शक्यता निम्मी. पिल्लू अगदी टुणटुणीत दिसतं, खेळतं, आणि गाठी हळूहळू वाढत जाऊन पुढे कधीतरी किडनी थकते, मग सलाईन, रक्ताच्या टेस्ट, किडनीसाठीचं वेगळं महागडं खाणं. सोनोग्राफीत हे साधारण दहा महिन्यांनंतर भरवशाने दिसतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची सोनोग्राफी करून काही कळणार नाही, त्याचा किंवा त्याच्या आईबापाचा डीएनए रिपोर्ट लागतो, आणि तो मागितला की किती ब्रीडर देतात ते तुम्ही फोन करून बघाच. चार वर्षांच्या मांजरीला मात्र एका सोनोग्राफीत आणि क्रिएटिनिनच्या म्हणजे किडनीच्या रक्ताच्या टेस्टमध्ये बरंच काही कळतं.

सासूबाईंना असं सांगा, आपण मुंबईकर रिसेलच्या फ्लॅटला नाक मुरडतो का? ओसी म्हणजे इमारतीत राहायला परवानगीचा दाखला आलाय, पाणी येतंय, गळती कुठे आहे ते भिंतीवर दिसतंय, सोसायटीतले लोक कसे आहेत ते कळलंय. अंडर कन्स्ट्रक्शनमध्ये फक्त ब्रोशर असतं. शेल्टरमधली मांजर म्हणजे ओसी असलेलं घर. तिचा स्वभाव तयार झालाय, मुलांजवळ येते की लपून बसते हे तिथल्या लोकांना रोज दिसतंय. आणि टाकलेली म्हणाल तर पर्शियन टाकली जाते ती बहुतेकदा तिच्या केसांमुळे, रोज विंचरावं लागतं आणि आठवडाभर दुर्लक्ष केलं की गुंते होतात, किंवा घरात बाळ आलं, बदली झाली म्हणून. यात त्या जिवाची काय चूक? हा माझा धंद्याचा विषय नाही पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ब्रीडरच्या भावाबद्दल एक गोष्ट. डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस अशी चढती किंमत सांगतात, नाक जितकं चपटं तितके पैसे जास्त. तेच चपटं नाक पुढे श्वासाचा त्रास, सतत वाहणारे डोळे आणि दातांची गर्दी घेऊन येतं, आणि मुंबईच्या मे महिन्यात त्या मांजरीची काय अवस्था होते ते बघवत नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून आपण जास्त मेडिकल बिल विकत घेतो. तुम्ही बघितलेल्या मादीचं तोंडही नीट बघा, श्वास घेताना घरघर येते का ऐका, डोळे आणि दात डॉक्टरला दाखवा. शेल्टरला विचारा की ती ब्रीडिंगमधून काढलेली आहे का, असेल तर सोनोग्राफीत गर्भाशयाचं ऑपरेशन नीट झालंय का तेही बघायला सांगा. आणि चार वर्षं हे वय दातांवरून काढलेला अंदाज असू शकतो, तर पाच-सहा धरूनच चाला.

इन्शुरन्सवर फार भिस्त ठेवू नका. मांजरीच्या पॉलिसी आहेत, पण आधीपासूनचे आणि आनुवंशिक आजार बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात, म्हणजे नेमकी जी भीती आहे तीच बाहेर. इन्कम टॅक्समधल्या ८०डी च्या मेडिकल सवलतीतही मांजर बसत नाही, काहीजण विचारतात म्हणून सांगितलं.

मग करायचं काय, तर तुम्ही कार्डाला महिना ३,६०० द्यायला तयार होताच ना, तोच हप्ता स्वतःच्या आरडीत भरा, नाव द्या मांजरीचं. वर्षभरात ४३,००० च्या वर जमतात आणि तो तिचा दवाखाना. ५,००० खर्च आणि ३,६०० आरडी गेल्यावर ५,४०० उरतात, ते सगळे तुमच्या इमर्जन्सी फंडात, बाकी कुठेही नाही. मोठं बिल आलं तर परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल लक्षात ठेवा, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते, धर्मादाय असल्याने खाजगी क्लिनिकपेक्षा खर्च कमी येतो, गर्दी मात्र असते.

दोन महिने थांबा म्हटलं ते अशासाठी की मांजर न आणता आधी दोन महिने हे ८,६०० बाजूला काढून बघा. जमलं तर १७,२०० हातात येतात आणि त्यातूनच शेल्टरचे ३,०००, टेस्टचे ६,००० आणि खिडक्यांच्या जाळ्यांचा खर्च निघतो. जाळ्या आधी लावा मग मांजर आणा, मुंबईत उंच मजल्यावरून कबुतराच्या मागे मांजर खाली पडणं खूप घडतं. शेल्टरला सांगा की आम्हाला हीच हवीय, दर रविवारी लेकीला घेऊन तिला भेटायला जा, तुमचीही खात्री पटते आणि त्यांचीही. फॉस्टर म्हणून, म्हणजे काही दिवस घरी सांभाळायला, आधी द्यायला तयार असतील तर अजून बरं, फक्त मग जाळ्या पहिल्याच आठवड्यात लावाव्या लागतील.

सोनोग्राफीत गाठी निघाल्या तर लगेच नाही म्हणू नका, पण तेव्हा महिन्याचा आकडा ५,००० राहणार नाही. तो रिपोर्ट घेऊन परत लिहा, आपण सगळा हिशोब नव्याने करू.