माळ्यावरचा कोड

प्रश्न : मी पुण्यात एका छोट्या कंपनीत बॅकएंडचं काम करतो. आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधली एक सवलत योजना कधीच बंद झाली, पण तिचा कोड तसाच पडून आहे. काढू का विचारलं, तर सिनियर म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला बोटं घालतोस? असू दे माळ्यावर." आता नव्या योजनेसाठी त्याच जुन्या योजनेचा फ्लॅग (कोणता कोड चालवायचा हे सांगणारी चालू-बंदची खूण) वापरायचं ठरलंय, कारण डेटाबेसमध्ये नवा कॉलम नकोय. मी उगाच पुस्तकी विचार करतोय का? – एक वाचक

उत्तर : अजिबात नाही. माळ्यावरची कळशी आपण होऊन खाली उतरून गॅसवर चढत नाही. कोड चढतो.

नाइट कॅपिटल ही तेव्हा अमेरिकेच्या शेअर बाजारातली बडी कंपनी होती. 2012 साली न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी त्यांनी कोड लिहिला आणि त्याला एक जुना फ्लॅग जोडला. तो फ्लॅग होता शेअरच्या ऑर्डरी पुऱ्या करणाऱ्या 'पॉवर पेग' नावाच्या सुविधेचा. तिचा वापर 2003 मध्येच थांबला होता, कोड मात्र सर्व्हरवर होता. मधल्या काळात, 2005 मध्ये, ऑर्डरपैकी किती शेअर घेऊन झाले हे मोजणारा भाग कोणीतरी दुसरीकडे हलवला. पॉवर पेग वापरात नाही, मग पुन्हा तपासणार कोण?

नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, एक राहिला. दुसऱ्या कोणी पडताळून पाहायचं, असा नियमच नव्हता. 1 ऑगस्टला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर जुनाच कोड असल्याने तो फ्लॅग बघून पॉवर पेग जागा झाला. ऑर्डर पुरी झाली हे त्याला कळायची सोयच उरली नव्हती, त्यामुळे तो घेत-विकत सुटला. ग्राहकांच्या ऑर्डरी होत्या अवघ्या 212. पाऊण तासात व्यवहार झाले चाळीस लाख, आणि तोटा 46 कोटी डॉलरच्या वर.

बाजार उघडायच्या आधी त्या यंत्रणेने 97 ईमेल पाठवले होते, त्यात पॉवर पेगचा उल्लेखही होता. पण धोक्याची सूचना म्हणून ते कोणी वाचतच नसे. आणि कहर म्हणजे, गोंधळ आवरायला टीमने सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर चालणारा कोड काढून टाकला! मग तिथेही पॉवर पेग सुरू झाला.

तुमच्याकडे शेअर नाहीत, बिलं आहेत. पण आखणी तीच. तेव्हा नव्या योजनेला नवा कॉलम घ्याच. एका कॉलमची काटकसर कोणाच्या पगारात दिसत नाही.

जुना कोड काढण्याबाबत मात्र सिनियरांची भीती पोकळ नाही. त्या सवलतीत विकलेला माल आज परत आला, तर क्रेडिट नोटचा हिशेब कुठून होतो ते आधी शोधा. सवलतीची रक्कम बिलासोबत साठवलेली असेल तर प्रश्न मिटला. दर वेळी नव्याने काढली जात असेल, तर तेवढा भाग वेगळा करून ठेवा, त्याची टेस्ट लिहा आणि बाकीचं उडवा. हे काम वेगळ्या रिलीजमध्ये (वेगळी आवृत्ती काढून), नव्या योजनेच्या आधी करा. दोन्ही एकत्र गेलं आणि काही बिघडलं, तर कशामुळे ते शोधत बसाल. आणि कृपा करून जुना कोड नुसता कमेंट करून, म्हणजे न चालणारी टीप बनवून, ठेवू नका. 'तात्पुरतं, नंतर काढणे' असं लिहिलेल्या ओळी वर्षानुवर्षं पाहून माझं डोकं फिरतं. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये सगळं राहतंच की.

सिनियरांशी वाद घालू नका. रिव्ह्यूच्या वेळी एकच विचारा : "सर, रिलीज मागे घ्यावं लागलं, तर आधीच्या व्हर्जनमध्ये या फ्लॅगचा अर्थ काय लागेल?" उत्तर काय येईल ते तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, लिहून ठेवा.