काटा उतरतोय, पण काय उतरतंय?

प्रिय नव्या आहारतज्ज्ञास,
अनेक आशीर्वाद.

बॅरिॲट्रिक ओपीडीत, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन करतात तिथे, सगळ्यांचे डोळे काट्यावर असतात. पेशंटचे, नातेवाइकांचे आणि कधीकधी सर्जनचेही. तू त्या आकड्याची फोड करायला शीक. उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि बाकीचं काय, हे सांगणारं तिथे बहुधा तुझ्याशिवाय कुणी नसेल.

कागदावर मांडून बघ. ऑपरेशनआधी वजन १२० किलो, चरबी ५० टक्के. म्हणजे ६० किलो चरबी आणि ६० किलो बाकीचं. सहा महिन्यांनी वजन ९२ आणि चरबी ४१ किलो. रिपोर्टवर चरबी ५० वरून ४४.६ टक्क्यांवर आलेली दिसते, बाकीचा भाग ५० वरून ५५.४ वर चढलेला. पेशंट खुशीत सांगणार, "मसल वाढलं!" प्रत्यक्षात ६० चे ५१ झालेत. गेलेल्या २८ किलोंतले ९ किलो चरबी नव्हतेच. पाव हिस्सा असा जाणं अपेक्षित धरतात, इथे तो तिसऱ्या हिश्श्याकडे सरकलाय. फाइलमध्ये आधी किलो लिही, टक्के मागाहून.

मात्र हे ९ किलो म्हणजे ९ किलो स्नायू नव्हेत. त्यात पाणी आहे, ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेली साखर आहे, आक्रसलेलं यकृत आहे. पहिल्या महिन्यात तर पाण्याचाच खेळ जास्त, तेव्हा त्या रिपोर्टवरून कुणाला घाबरवू नकोस. पण चरबीव्यतिरिक्तची घट मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. वर्षानंतर जागं होऊन उपयोग नाही.

आता चरबी मोजणाऱ्या मशीनबद्दल. तळव्यांतून आणि हातांतून बारीक विद्युतप्रवाह सोडून ते शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतं, आणि त्यावरून चरबीचं गणित मांडतं. ओपीडीत येणारा पेशंट पाणी कमी प्यायलेला असला की गणित बिघडतं. म्हणून वेळ एकच ठेव, पोट तीन-चार तास रिकामं, लघवी झालेली, आदल्या बारा तासांत व्यायाम नाही. बांगड्या, जोडवी काढायला सांग; निघत नसतील तर तशी नोंद कर आणि दर वेळी तसंच मोज. तळवे कोरडे आणि भेगाळलेले असतील तर ओल्या फडक्याने पुसून घे, नाहीतर संपर्क नीट होत नाही. मांड्या एकमेकींना किंवा दंड अंगाला चिकटले तर प्रवाह जवळची वाट धरतो आणि आकडा चुकतो. मध्ये कोरडा सुती टॉवेल घाल. पेसमेकर असेल तर मशीनवर उभंच करू नकोस. आणि एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नकोस. डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणारं स्कॅन, जास्त नेमकं, पण टेबलची वजनमर्यादा आणि रुंदी आधी विचारून घे. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं बरं दिसत नाही.

मला विचारशील तर मशीनइतकाच भरवसा मी मुठीच्या ताकदीवर आणि एका साध्या खुर्चीवर ठेवते. ग्रिप डायनॅमोमीटरवर पुरुषाची पकड २८ किलोच्या आणि स्त्रीची १८ च्या खाली, किंवा हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त, हे स्नायूंच्या झिजेच्या २०१९ च्या आशियाई निकषांत धोक्याचे इशारे आहेत. दोन्ही चाचण्या ऑपरेशनआधीच करून ठेव. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण चरबी अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के; ही तुलना लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आली होती. आपला पेशंट मुळातच कमी स्नायू घेऊन टेबलावर येण्याची शक्यता आहे, म्हणजे गमवायला त्याच्याकडे थोडंच असतं.

प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम, आदर्श वजनाच्या हिशोबाने किलोमागे १ ते १.५ ग्रॅम. सांगायला सोपं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो, चार चमच्यांत पोट भरतं. "रोज डाळ खाते" यावर विसंबू नकोस. वाटी केवढी आणि वरण किती पातळ, ते विचार. पातळ वरणाच्या छोट्या वाटीत चार-पाच ग्रॅम मिळाले तरी खूप. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, व्हे म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रोटीन पावडरीच्या स्कूपमध्ये २० ते २५. पहिले काही महिने पावडरीशिवाय, विशेषतः शाकाहारी माणसाचं, भागत नाही. दूध पचत नसेल तर आयसोलेट दे, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली व्हे पावडर. ताटात प्रोटीन आधी, मग भाजी, पोळी-भात जागा उरली तर. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. श्रावण आणि नवरात्र आलं की साबुदाण्याची चौकशी आवर्जून कर. त्या खिचडीत दाण्याचा कूट सोडला तर प्रोटीन जवळजवळ शून्य, आणि नऊ दिवसांत नुकसान होतं. उपास सोड म्हणू नकोस, दही, पनीर, पावडर उपासाला चालते का ते घरात ठरवायला लाव.

नुसतं प्रोटीन पोटात गेलं म्हणून स्नायू टिकत नाहीत. चालणं पहिल्या दिवसापासून, पण ताकदीचे व्यायाम सर्जनने परवानगी दिली की आठवड्यातून दोन-तीनदा. भिंतीवर दंड, खुर्चीतून उठबस, रबरी बँड, एवढ्याने सुरुवात होते.

हाडांचंही बघ, जठराच्या बायपासनंतर तर नक्कीच. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, सायट्रेट, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं आणि ऑपरेशननंतर जठरात ते कमी असतं. एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. लोक दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम गिळतात.

एखादा पेशंट आठवडाभर उलट्या करत येईल आणि वजन झपाट्याने उतरलंय म्हणून घरचे खूश असतील. त्याला मशीनवर चढवत बसू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने. थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, संपलेलं असू शकतं, आणि ग्लुकोजचं सलाइन लागण्याआधी थायमिन जायला हवं. पाय मुंग्या येऊन लटपटतायत का, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतंय का, हे तूच विचार.

बारा ते अठरा महिन्यांनी वजन तळ गाठतं, नंतर थोडं परत चढतं. चढताना मुख्यतः चरबीच चढते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही मोजमाप बंद करू नकोस. लोक तोवर यायचे थांबलेले असतात; फोन तुलाच करावा लागेल.

कळावे, लोभ असावा.
तुझी ज्येष्ठ सहकारी