जुना मॉनिटर नव्या लॅपटॉपला जोडताना

नवी केबल घ्यायच्या आधी दोन्हीकडचे पोर्ट नीट बघा. जुन्या मॉनिटरचं व्हीजीए हे १५ पिनांचं पोर्ट १९८७ मध्ये आलेलं, पूर्ण अ‍ॅनालॉग. लॅपटॉपवरचं एचडीएमआय पोर्ट डिजिटल. त्यामुळे दोन टोकांना दोन प्लग असलेली साधी केबल इथे चालत नाही, मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतोच. आणि तो एकाच दिशेने काम करतो! नवे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून घेताना ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असंच स्पष्ट मागा.

लॅपटॉपच्या बाजूला डीव्हीआय हे पोर्ट असेल तर त्यातल्या चपट्या खाचेभोवती चार छोटी छिद्रं आहेत का ते पाहा. असली तर त्यात अ‍ॅनालॉग सिग्नलही असतो, मग व्हीजीएसाठी साधा अडॅप्टर पुरतो.

जोडलं, पण ‘आउट ऑफ रेंज’ आलं? घाबरू नका, मॉनिटर बिघडलेला नाही. मॉनिटर आपल्या क्षमतेची माहिती ईडीआयडी नावाने पाठवतो. ती वाटेत अडली की लॅपटॉप अंदाजाने भलतंच रिझोल्यूशन पाठवतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरून रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवा. चित्र आलं की एकेक पायरी वर चढा. १७ किंवा १९ इंची चौकोनी एलसीडी बहुधा १२८० बाय १०२४ वर सर्वांत स्पष्ट दिसतो.

डेस्कटॉप दिसतो, पण सिनेमा लावला की काळं? ते एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण असू शकतं. केबल बदलत बसू नका. आवाज मात्र व्हीजीएतून येतच नाही, त्यासाठी वेगळी ऑडिओ केबल लावा.