पोर्शे ९४४ मध्ये न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते. काय बदलावं लागेल?

लक्षणं टॉर्क ट्यूबच्या बेअरिंगची दिसतात. या गाडीत इंजिन आणि क्लच पुढे, गिअरबॉक्स मागे. मध्ये नळीतून, म्हणजे टॉर्क ट्यूबमधून, एक लांब शाफ्ट फिरतो, चार बेअरिंगवर. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो, म्हणून आवाजही थांबतो.

मात्र गिअरबॉक्सची इनपुट बेअरिंगही अगदी अशीच वागते. त्यामुळे आधी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप नळीवर पुढून मागे टेकवत जा. आवाज नळीच्या मधल्या भागात मोठा असेल तरच ती उतरवा, कारण त्यासाठी एक्झॉस्ट, चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्स सगळं काढावं लागतं.

शाफ्ट प्रेसवर बाहेर काढल्यावर बेअरिंग जिथे बसते त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं, खाच लागली, तर त्याच शाफ्टवर नवी बेअरिंग घालू नका. ती टिकणार नाही. दोन्ही टोकांची स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे लांब दातेही तपासा. हातोड्याने ठोकून बेअरिंग बसवणाऱ्याकडे हे काम अजिबात देऊ नका.

क्लच जुना असेल तर याच वेळी बदला, त्यासाठीही हीच नळी मागे सरकवावी लागते. इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सीलही तेव्हाच बघून घ्या.