आयर्लंडला आठ रात्री: गावं कमी करा, संध्याकाळ पबसाठी मोकळी ठेवा

तुमचा प्लॅन नीट वाचला. कॉलेजचा सहा जणांचा ग्रुप, पुण्याहून जूनमध्ये येताय, आठ रात्री, आणि त्यात डब्लिन, बेलफास्ट, गॉलवे, क्लिफ्स ऑफ मोहर, किलार्नी, कॉर्क असा जवळजवळ अख्ख्या बेटाला वळसा. दोघं दारू पीत नाहीत, एक जण पूर्ण व्हेज, आणि विचारलंय की गाडी घ्यावी का टूर बस, आणि रोज पबमध्ये जेवायचं म्हटलं तर या तिघांचं काय. मी लिमरिकला राहतो, उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच आणि त्यांना घेऊन याच भागात फिरणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अर्धी गावं काढून टाका, प्लीज. नकाशावर देश एवढासा दिसतो पण पश्चिमेकडचे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना दगडी भिंती नाहीतर झुडपं, समोरून ट्रॅक्टर आला की एकाने थांबायचं, त्यामुळे मॅपवर दोन तास दाखवतो तिथे अडीच-तीन धरायचे. रोज मुक्काम हलवला तर सकाळ बॅगा भरण्यात जाते आणि संध्याकाळी सात वाजता तुम्ही नव्या गावात पार्किंग शोधत फिरता. आणि इथे खरी मजा संध्याकाळचीच आहे. कडे, किल्ले, समुद्र हे सगळं सुंदर आहेच, पण मित्रांबरोबर येताय तर लक्षात राहणार ती पबमधली चार तासांची बैठक, ती घाईत उरकू नका. त्यामुळे माझा एकच नियम, मुक्काम अशा गावात करा जिथून पबला चालत जाता येतं आणि चालतच परत येता येतं. दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इथे इतकी कमी आहे की चालवणाऱ्याने एक पिंटसुद्धा (बिअरचा मोठा ग्लास) घेऊ नये, आणि खेड्यात रात्री टॅक्सी मिळेलच असं नाही. बी अँड बी (नाश्त्यासकट घरगुती मुक्काम) शेतात दूर असलं की स्वस्त पडतं खरं, पण मग सहातला एक जण रोज पाणी पीत बसतो.

मी असं करीन: दोन रात्री डब्लिन (गाडी न घेता), तीन रात्री डूलिन (मोहरच्या कड्यांजवळचं छोटं गाव), दोन रात्री डिंगल (नैऋत्येचं समुद्राकाठचं गाव), शेवटची रात्र परत डब्लिन. बेलफास्ट यावेळी सोडा. किलार्नी आणि रिंग ऑफ केरी पण सोडा, तो 179 किमीचा वळसा आहे आणि जूनमध्ये टूर बसेसच्या मागे मागे दिवस जातो, त्यापेक्षा डिंगलचा छोटा वळसा माझ्या मते कितीतरी चांगला.

डब्लिनमध्ये किलमेनम जेलचं बुकिंग सगळ्यात आधी करा. 1916 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावातल्या 14 जणांना तिथे गोळ्या घातल्या, ते दगडी आवार गाईडबरोबर बघताना कोणी बोलत नाही. फक्त गाईडेड टूर असते, तिकिटं काही आठवडे आधी ऑनलाइन सुटतात आणि लगेच संपतात. बुक ऑफ केल्स हे जुनं चित्रमय हस्तलिखित बघायचंच असेल तर बघा, पण ते असतं त्या ट्रिनिटी कॉलेजच्या लाँग रूम या जुन्या ग्रंथालयातली बहुतेक पुस्तकं जतनाच्या कामासाठी काढलेली आहेत, फोटोत दिसते तशी भरलेली कपाटं मिळणार नाहीत. त्याऐवजी किल्डेअर स्ट्रीटचं नॅशनल म्युझियम फुकट आहे, तिथे दलदलीत सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आहेत, एकाच्या हाताची नखंसुद्धा शाबूत. डब्लिन कॅसलच्या बागेतलं चेस्टर बीटी म्युझियम पण फुकट, तिथे मुघल चित्रांचा फार चांगला संग्रह आहे. गिनेस (इथली प्रसिद्ध काळी बिअर) स्टोअरहाऊस हे त्या बिअरचं प्रदर्शन मोठं, चकचकीत, महाग. वरच्या मजल्यावरून शहर छान दिसतं, ग्रुपला हौस असेल तर जा. टेंपल बार या पबच्या वस्तीत एक चक्कर मारा, फोटो काढा आणि प्यायला दुसरीकडे जा, तिथे पिंटचे पैसे बाकीच्या शहरापेक्षा बरेच जास्त घेतात. दुसऱ्या दिवशी दुपारी डार्ट ट्रेनने होथला जा, कड्यावरून चाला आणि खाली बंदरावर चाउडर (माशाचं दाट सूप) खा.

आता जेवणाचं, कारण आपली मंडळी इथेच फसतात. जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेआठला सुद्धा दुपार वाटते, आणि आपल्याला तसंही नऊ-साडेनऊला जेवायची सवय. पण पबचं किचन गावाकडे साडेआठ-नऊला बंद होतं, दुपारचं जेवण पण साधारण साडेबारा ते तीन, त्यानंतर पाच-सहापर्यंत बऱ्याच ठिकाणी काही मिळत नाही. पब उघडा असतो, माणसं असतात, पण खायला फक्त क्रिस्प्सची, म्हणजे आपल्या वेफर्सची, पाकिटं. शिवाय सगळ्या पबमध्ये जेवण नसतंच, जुने छोटे पब फक्त पिण्यासाठी असतात. त्यामुळे दिवसाचं गणित असं बसवा: सकाळी लवकर बाहेर, एकच्या सुमाराला कुठेतरी सूप-ब्रेड, साडेसहाला पबमध्ये नीट जेवण (सहा जण म्हणजे सकाळीच फोन करून टेबल सांगा), मग तास-दोन तास उजेडात समुद्रावर फिरून या, आणि साडेनऊला परत आत, कारण गाणंबजावणं बहुतेक त्याच वेळेला सुरू होतं.

काय खायचं? सीफूड चाउडर आणि ब्राउन ब्रेड, हे पहिल्या दिवशीच मागवा. दाट, क्रीमचं, त्यात स्मोक्ड मासा आणि मसल्स, आपले शिणाणे म्हणा ना, आणि बरोबर गव्हाचा जाडसर सोडा घालून केलेला ब्रेड आणि भरपूर खारं लोणी. वाटी मोठी असते, दुपारचं जेवण त्यातच होतं. आयरिश स्ट्यू म्हणजे मटण-बटाटा-गाजर, मसाला जवळपास नाही पण थंडीवाऱ्यात भिजून आल्यावर फार बरं वाटतं. गिनेस घालून केलेला स्ट्यू मात्र बीफचा असतो, जे खात नाहीत त्यांनी नाव नीट वाचून मागवा. सकाळच्या फुल आयरिश ब्रेकफास्टमधलं ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं असतं, हे आधी माहीत असलेलं बरं. रविवारी दुपारी कार्व्हरी मिळाली तर सोडू नका, रोस्ट मटण किंवा टर्की, ग्रेव्ही, आणि एकाच ताटात मॅश पण आणि भाजलेले बटाटे पण. मेन डिश साधारण 18 ते 25 युरो धरा.

व्हेज मित्रासाठी: उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. सूप ऑफ द डे बहुतेक भाज्यांचं असतं, पण पाणी चिकनचं असू शकतं, म्हणून "स्टॉक कसला आहे" हे विचाराच. मेनूत पदार्थांपुढे आकडे असतात ते ॲलर्जीचे, त्यावरून मासा, अंडं, दूध कळतं, पण चिकन कळत नाही. चीज टोस्टी कुठेही मिळते, गोट चीजचं काहीतरी असतं, मशरूमचं असतं, आणि व्हेज करी असेल तर तिच्याबरोबर अर्धा भात अर्धे चिप्स (इथे चिप्स म्हणजे जाड फ्रेंच फ्राइज) मागता येतात, इथले लोक अगदी मनापासून तसं खातात. काही चिपवाले चिप्स बीफच्या चरबीत तळतात, तेही विचारा, कोणाला राग येत नाही. डिंगल आणि गॉलवेत पर्याय भरपूर, डूलिनमध्ये मर्यादित, तिथे मुक्कामाला किचन असलेलं घर घेतलंत तर एखाद्या रात्री खिचडी टाकता येईल.

न पिणाऱ्या दोघांनी अजिबात काळजी करू नये. पब हा गावाचा दिवाणखाना आहे, आजी-आजोबा चहा घेऊन बसलेले असतात, क्लब ऑरेंज आहे, मिवाडी सरबत आहे, गिनेस 0.0 आहे, आणि काय पितोय हे कोणी बघत नाही. 2004 पासून आत सिगारेटही बंद, असा कायदा देशभर करणारा आयर्लंड पहिलाच. पिणाऱ्यांसाठी एक गोष्ट, इथे राउंडची पद्धत आहे, एक जण सगळ्यांचं आणतो मग पुढचा. सहा जणांत ते सहा पिंटवर जातं, म्हणून अर्धा पिंट घ्या, त्याला इथे नुसतं ग्लास म्हणतात, किंवा सुरुवातीलाच सगळ्यांनी पैसे काढून एकाकडे द्या. ऑर्डर बारवर जाऊन करायची, हाका मारायच्या नाहीत, बारमनने एकदा बघितलं की तुमचा नंबर लागला. गिनेस दोन टप्प्यांत भरतात, अर्धवट भरलेला ग्लास उचलू नका. बारवर टिप लागत नाही, टेबलवर जेवण आणून दिलं तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

डूलिनमध्ये तीन रात्री म्हटलं की लोक विचारतात एवढ्याशा गावात तीन दिवस करणार काय. मोहरचे कडे, 214 मीटर उंच, तिथून दहा-पंधरा मिनिटांवर. सकाळी आठ-नऊला किंवा संध्याकाळी जा, मधल्या वेळेत डब्लिनच्या बसेस असतात. कड्याची पायवाट काही भागांत बंद ठेवतात, कुठला भाग सुरू आहे ते बघून जा आणि पाटीच्या पुढे पाऊल टाकू नका, तिथून पडून माणसं दगावलेली आहेत. त्याच कड्यांच्या खालून बोटीने पण जाता येतं, डूलिनच्या धक्क्यावरूनच, आणि मला विचाराल तर खालून ते जास्त भव्य दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याच धक्क्यावरून इनिशीर बेट, सायकली घ्या, भिंतींच्या चक्रव्यूहात फिरा. तिसरा दिवस बरन भागात, मैलोन् मैल उघडा चुनखडीचा कातळ आणि फटींमधून जूनमध्ये फुलं, पूलनाब्रोनची पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची दगडी कबर बघा, पुढे किनवारा करून गॉलवेत दुपार घालवा आणि जेवायला परत.

रात्री डूलिनमधल्या मॅकगॅन्स, मॅकडरमॉट्स, गस ओकॉनर्स, कुठल्याही पबमध्ये बसा. सेशन, म्हणजे पबमधलं ते गाणंबजावणं, हा स्टेज शो नाही, वादक एका टेबलाभोवती बसतात, फिडल (व्हायोलिन), कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी), बासरी, बौरान (डफासारखं), कोणी येतं कोणी जातं. त्यांची टेबलं धरू नका, फर्माईश करू नका, आणि कोणी वाद्याशिवाय एकट्याने गायला लागलं की पूर्ण शांत बसा. डूलिन ज्या क्लेअर काउंटीत आहे तिथल्या एका पबमध्ये आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी असंच डोळे मिटून एक लांबलचक गाणं म्हटलं, बारमनने ग्लास धुणं थांबवलं होतं. आमच्यातल्या एकीला नंतर त्यांनी आग्रह केला, तिने अभंग म्हटला, आणि तेवढीच शांतता तिच्यासाठीही पाळली गेली. तेव्हा ग्रुपमध्ये कोणी गाणारं असेल तर एखादं तयार ठेवा, बोलावलं तर नाही म्हणू नका. गप्पा तर आपोआप होतात. भारतात कुठले म्हणून विचारतील, महाराष्ट्र म्हणालात की वराडकरांचं नाव निघेलच. लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि वडील मालवणजवळच्या वराडचे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असतं.

डूलिनहून डिंगलला जाताना लिमरिकचा फेरा घेऊ नका, किलिमरहून टार्बर्टला गाडीसकट फेरी आहे, वीसेक मिनिटांची. डिंगलजवळचा कॉनर पास हा घाट देखणा आहे पण मोठ्या गाड्यांना तिथे बंदी आहे, तुमची नऊ सीटर असेल तर ॲनस्कॉल गावाकडूनच या. दुसऱ्या दिवशी स्ले हेडचा वळसा घड्याळाच्या दिशेने करा, सगळे तसंच जातात. समोर ब्लास्केट बेटं दिसतात, तिथली शेवटची वस्ती 1953 मध्ये हलवली. पुढे गॅलरसचं दगडी प्रार्थनाघर, चुना न वापरता नुसते दगड रचलेले, आपल्या हेमाडपंती देवळांसारखं, आणि अजून आत पाणी गळत नाही. संध्याकाळी डिंगलच्या फॉक्सी जॉन्स पबला जा, एका बाजूला खिळे-हातोड्या आणि दुसऱ्या बाजूला बार.

गाडीचं: घ्या, टूर बस नको, या प्लॅनमध्ये बस बसतच नाही. डावीकडूनच चालवतात, ते सोपं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, आणि इन्शुरन्समध्ये एक्सेस (नुकसान झालं तर आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती ते वाचा. इंटरनॅशनल परमिट लागतं का ते रेंटलवाल्यांना लेखी विचारा. 2025 पासून गावाकडच्या छोट्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी 80 किमीवरून 60 झाली आहे. डब्लिन विमानतळावरून पश्चिमेला निघालात की एम 50 या डब्लिनभोवतीच्या महामार्गावर टोल लागतो, तिथे नाका नाही, दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरायचा.

आणि व्हिसा: शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो, जूनसाठी लवकर अर्ज टाका. त्यावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा आला तर उत्तर आयर्लंडलाही, म्हणजे ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या बेलफास्टच्या भागात, जाता येतं, सीमेवर कोणी अडवत नाही म्हणून शेरा नसताना मात्र जाऊ नका. तो मिळाला आणि सुट्टी दोन दिवसांनी वाढवता आली, तर बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे (समुद्राकाठचे षटकोनी दगडी खांब) शेवटी जोडा. डूलिनच्या तीन रात्रींतली एकही त्यासाठी कापू नका.